लोकल म्हणजे खोली

लेकीच्या आइस हॉकीच्या संघनिवडीबद्दलचा मेल फ्रेंचमध्ये लिहायचा होता. इंग्रजीत लिहिला असता तरी चाललं असतं, पण समोरच्याच्या भाषेत भांडलं की ते जरा जास्त लागतं, हे मी डोंबिवलीतच शिकून आलोय. रात्री अकराला बसून, खोडत-जोडत, अर्धं मशीनकडून तपासून घेत मी तो पूर्ण केला आणि सकाळी प्रिंट काढून खालच्या मजल्यावरच्या मस्यूंकडे घेऊन गेलो. मस्यू म्हणजे आमचे शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर मॉन्ट्रियलची सिटी बस चालवलेली, जन्म मॉन्ट्रियलमधल्याच व्हर्डनचा आणि मुक्काम पोस्टही व्हर्डनच. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, शब्दकोड्याची पेन्सिल उचलली आणि व्याकरणाच्या चार चुका मुकाट्याने दुरुस्त केल्या. पाचव्या जागी थांबले. संघ निवडताना 'फिय लोकाल'ना, म्हणजे स्थानिक मुलींना, प्राधान्य द्यावं, असं मी लिहिलं होतं. "लोकाल म्हणजे खोली," ते म्हणाले. "भाड्याने देतात ती. सामानसुमान ठेवायला." मला लोकल म्हटलं की आठ सत्तावन्नची फास्ट आठवते, तो भाग वेगळा. त्यांनी तो शब्द खोडला आणि वर नीट अक्षरात लिहिलं : 'द शे नू'. आमच्या घरच्या.

आमच्या घरच्या मुलींना प्राधान्य द्यावं.

मी आभार मानून वर आलो आणि कागद टेबलावर ठेवला. तेव्हापासून तो मला छळतोय. कारण गेली दहाएक वर्षं मी ह्याच माणसाशी, ह्याच मुद्द्यावर, बरोबर उलट्या बाजूने वाद घालत आलोय.

आधी मेलचं सांगतो. २०२३चा सप्टेंबर. लेक अकरा वर्षांची, आणि तिच्या वयाच्या मुलींच्या वरच्या संघाची निवड चाचणी. सकाळी सव्वासहाला रिंकवर पोचायचं. आत शिरलं की तो वास येतो : ओले ग्लोव्हज, रबरी चटया, मशीनची कॉफी, आणि ह्या सगळ्यावर बर्फाचा एक पातळ, लोखंडी वास. काचेमागे आम्ही आईबाप, कोणी कोणाकडे न बघता सगळे एकमेकांच्या पोरींकडे बघतोय. मुलींच्या अंगावर नावं नाहीत, नुसते नंबर. वर बाकांवर तीन परीक्षक पॅड घेऊन बसलेले. माझी लेक ३१. आणि ८ नंबरची एक मुलगी होती, नदीपलीकडून पूल ओलांडून आलेली. तिच्या भागात त्या वयाच्या मुलींचा संघच उभा राहिला नाही म्हणून तिला इकडे परवानगी मिळाली होती. रात्री यादी लागली. ८ आत, ३१ बाहेर. लेकीने मोबाइल पालथा ठेवला आणि "मला भूक नाहीये" म्हणाली. त्यानंतर रात्री अकराला मी लिहायला बसलो, ते असं.

आता वादाचं. इथल्या एनएचएलचा, म्हणजे मोठ्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट म्हणजे काय हे मला पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एकाने तासभर समजावलं, आणि शेवटी माझ्या लक्षात आलं की हे तर आपलं भिडू वाटणं आहे. आयपीएलसारखा लिलाव नाही, पैशाची बोली नाही. अठरा वर्षांची पोरं एका रांगेत, आणि कॅप्टन पाळीपाळीने एकेक उचलणार. फरक एवढाच की आमच्या वाडीत जो दांडगा तो पहिला मागायचा, इथे गेल्या मोसमात जो गाळात गेला त्याला पहिली पाळी, मध्ये थोडी चिठ्ठ्यांची भानगड. बत्तीस संघ, सात फेऱ्या. पोराने कुठे जायचं हे पोर ठरवत नाही. माँकटनचं पोर अनाहाइमला जातं, स्टॉकहोमचं विनिपेगला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सवाल्यांनी आपल्या पाळीला ह्याच क्वेबेक प्रांतातला, फ्रेंच बोलणारा मुलगा उचलावा की जगातला जो बरा असेल तो, हा ह्या शहरातला कायमचा वाद. हवा कशी आहे ह्यानंतर लोक हाच विषय काढतात.

मस्यूंची एक जपमाळ आहे. तिचा पहिला मणी १९८०. त्या वर्षी पहिली पाळी मॉन्ट्रियलची, ड्राफ्टही मॉन्ट्रियलच्या फोरम स्टेडियममध्ये, आणि पहिल्यांदाच सामान्य लोकांना आत प्रवेश. मस्यू रजा टाकून गेले होते. समोर होता डेनी साव्हार, व्हर्डनच्या गल्ल्यांत वाढलेला. ह्या साव्हारचे दोन जोडीदार होते, तिघांचंही नाव डेनी, तिघांची जन्मतारीख एकच, ४ फेब्रुवारी १९६१, आणि तिघे एकाच फळीत खेळायचे. असलं कोणी रचून सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तर साव्हार समोर असताना कॅनेडियन्सनी घेतला रेजायनाचा डग विकेनहायझर. साव्हार तिसऱ्या पाळीला शिकागोला गेला आणि पुढची दहा वर्षं तिथे त्याने जे काही केलं ते मस्यू हात गोल गोल फिरवून दाखवतात, कारण तो बर्फावर पूर्ण गिरकी घेऊन माणसाला चकवायचा. दुसरा मणी २००३. पात्रीस बेर्जेरों, क्वेबेक सिटीजवळचा. मॉन्ट्रियलची पाळी दोनदा येऊन गेली, दोनदा दुसरंच कोणी घेतलं, आणि पंचेचाळिसाव्या नंबरावर त्याला उचललं बोस्टनने. बोस्टनने! इथे हे नाव घेताना माणूस जरा थुंकल्यासारखं करतो. तो बोस्टनकडून एकोणीस मोसम खेळला. मस्यू म्हणतात, प्रत्येक वेळी तो आमच्यावर गोल मारायचा तेव्हा मला त्याचं कौतुकही वाटायचं आणि टीव्ही फोडावासाही वाटायचा.

मी म्हणायचो, मस्यू, दुसरीकडचं घ्या. २००९. पुन्हा ड्राफ्ट मॉन्ट्रियलमध्ये, अठराव्या पाळीला लुई लब्लां, शहराच्या पश्चिमेकडचा मुलगा. नाव पुकारलं तेव्हा आख्खं बेल सेंटर उभं राहिलं होतं. तो पोरगा एनएचएलमध्ये एकूण ६२ सामने खेळला आणि पंचविशीतच खेळ सोडून मोकळा झाला. त्याच्या मागच्याच पाळीला न्यूयॉर्कने ज्याला घेतलं, तो क्रायडर पुढे वर्षानुवर्षं गोल करत राहिला. आता ह्यात लब्लांचा काय दोष? अठराव्या वर्षी त्याच्या पाठीवर आख्ख्या गावाने बसायचं ठरवलं. परगावी गेला असता तर एखाद-दोन हिवाळे कोणी ढुंकूनही बघितलं नसतं, निवांत शिकला असता. आपल्या माणसाला जवळ घेण्यात कधी कधी त्याचा जीव गुदमरतो. मस्यू ह्यावर खांदे उडवतात. क्वेबेकी खांदे उडवणं हा एक वेगळाच प्रकार आहे, त्यात तोंडाने 'प्फ' असा आवाज येतो आणि वाद तिथे संपतो.

त्यांचं लाडकं म्हणणं असं की पूर्वी नियमच होता. होताही. कॅनेडियन्स संघ १९०९ मध्ये काढला गेला तोच मुळी फ्रेंच खेळाडूंचा म्हणून. पुढे १९६३ मध्ये ड्राफ्ट सुरू झाला तेव्हा मॉन्ट्रियलला एक सवलत होती, सगळ्यांच्या आधी दोन फ्रेंच-कॅनेडियन पोरं उचलायची. पण मी एकदा हट्टाने हे सगळं वाचून काढलं. गंमत अशी की त्या सवलतीतून फारसं काही हाती लागलंच नाही, कारण तेव्हा चांगली पोरं चौदा-पंधराव्या वर्षीच कुठल्या ना कुठल्या क्लबाशी करारात अडकलेली असायची. नाव घ्यावं असे दोघं मिळाले, १९६९ मध्ये, उल आणि तार्दिफ. आणि नियम गेला तो नेमका १९७० मध्ये, जेव्हा रांगेत पहिला उभा होता जिल्बेर पेरो, व्हिक्टोरियाव्हिलचा. त्या वर्षी दोन नवे संघ आलेले, बफेलो आणि व्हँकुव्हर. पहिली पाळी कोणाची हे ठरवायला जत्रेतल्यासारखं चक्र फिरवलं. आधी १ आला असं वाटून व्हँकुव्हरवाले नाचले, मग कोणीतरी ओरडलं की अहो, तो ११ आहे. पेरो बफेलोला गेला आणि ११ नंबरचाच शर्ट घालून तिथेच सतरा मोसम खेळला. मस्यू ही गोष्ट सांगताना त्या चक्राचा कट्-कट्-कट् आवाज काढतात.

मग कॅनेडियन्सना ग्रेट पोरं मिळाली कशी? लांड्यालबाड्या करून. बेलिव्हो क्वेबेक सिटी सोडून यायला तयार नव्हता, तर तो ज्या लीगमध्ये खेळायचा ती आख्खी लीग कॅनेडियन्सनी विकत घेऊन टाकली. गी लाफ्लरच्या वेळी पोलॉक नावाच्या मॅनेजरने वर्षभर आधीच कॅलिफोर्नियाच्या भिकार संघाची पुढची पहिली पाळी सौद्यात मिळवली. आणि तो संघ तळातच राहावा म्हणून मधेच आपला एक खेळाडू लॉस एंजेलिसला पाठवून त्यांना वर ढकललं, असं इथे सगळे मिटक्या मारत सांगतात. म्हणजे हक्क म्हणून जे मिळालं त्यापेक्षा जे डोकं चालवून ओढून आणलं तेच टिकलं. हे मी मस्यूंना म्हणालो तेव्हा ते गप्प बसले. लाफ्लर २०२२च्या एप्रिलमध्ये गेला. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी मस्यू कॅथेड्रलबाहेर तीन तास उभे होते. असल्या माणसाशी मुद्देसूद बोलणं हाच मुळात थोडा उद्धटपणा आहे.

त्याच वर्षी जुलैत बाबा आमच्याकडे आलेले. आणि त्याच जुलैत, सात तारखेला, ड्राफ्ट पुन्हा मॉन्ट्रियलमध्ये, आणि १९८० नंतर पहिल्यांदा पहिली पाळी मॉन्ट्रियलची. मस्यूंनी एक्स्टेन्शन लावून टीव्ही मागच्या बाल्कनीत आणला. उकाडा होता, मुलं गल्लीत टेनिसच्या बॉलने हॉकी खेळत होती, गाडी आली की 'कार!' ओरडून गोलपोस्ट उचलून बाजूला घेत होती. बायकोने कांदाभजी केलेली. भजीला मस्यू 'रोंदेल' म्हणतात, आणि पकलाही, म्हणजे हॉकीतल्या चकतीलाही, इथे रोंदेलच म्हणतात, त्यामुळे त्या संध्याकाळी कोण काय तोंडात टाकतंय आणि कोण काय जाळ्यात टाकतंय ह्याचा बाबांच्या मनात पुरता गोंधळ झाला. मग नाव पुकारलं : युराय स्लाफकोव्स्की, स्लोव्हाकिया. मी मस्यूंकडे बघितलं. त्यांनी बाटली खाली ठेवली, टीव्हीतल्या त्या सव्वासहा फुटी पोराकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "उंच आहे. फ्रेंच शिकला की झालं."

बाबांनी मला विचारलं, "ह्यांचा स्वतःचा एकही नाही?"

पहिल्या विसात नाही, मी म्हणालो. खरंच नव्हता. आणि आदल्या वर्षी, १० मे २०२१ला, कॅनेडियन्सच्या आख्ख्या इतिहासात पहिल्यांदा एक सामना असा झाला की मैदानात उतरलेल्यांत क्वेबेकमध्ये जन्मलेला एकही खेळाडू नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतक होतं. पुढे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी ह्यावर समिती नेमली, हॉकीवर, आणि कोणाला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बाबा रेल्वेत होते, साठ-सत्तरच्या दशकातली मुंबई त्यांनी बघितलेली, 'भूमिपुत्र' हा शब्द त्यांनी भिंतीवर गेरूने लिहिलेला वाचलाय, मनातून त्यांना तो पटलेलाही होता. मस्यूंच्या तरुणपणी इथल्या भिंतींवर 'मेत्र शे नू' होतं, आपल्या घरात आपण मालक. १९६२च्या निवडणुकीची ती घोषणा. दोघे एकाच पिढीचे, एकाला फ्रेंच नाही, एकाला मराठी नाही, आणि तीन आठवडे त्या बाल्कनीत बसून दोघांचं उत्तम जमलं होतं. मला वाटलं, बाबा आता मस्यूंची बाजू घेणार. ते भजी चावत म्हणाले, "पोरं तयार करायची नाहीत आणि वाटपाच्या वेळी रडायचं. आपल्याकडचंच आहे हे." मस्यूंनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, बाबा म्हणतायत भजी निवली. भाषांतरात एवढं स्वातंत्र्य घ्यावं लागतं.

बाबांचं म्हणणं तेव्हा मला एकदम बिनतोड वाटलं. पण पोरं तयार करणं म्हणजे काय हे मला तोवर अर्धंच कळलं होतं. दर वर्षी पाय वाढतो, दर वर्षी स्केट्स. बर्फाचे तास विकत घ्यावे लागतात आणि चांगले तास चांगल्या पैशाला जातात, म्हणून आम्ही सव्वासहाला. आमच्या गल्लीत मुलं भरपूर आहेत, पण रिंकवर मोजकीच दिसतात. बाकीची फुटबॉल खेळतात, त्याला एक जोडी बूट पुरतात. आता त्यांचं नाव यादीत नाही म्हणून कोणी कळवळायचं, आणि कोणासाठी? मार्तें सें-लुईचं घ्या. लाव्हालचा, म्हणजे मॉन्ट्रियलला चिकटून. बुटका म्हणून त्याला एकाही संघाने, एकाही फेरीत उचललं नाही. मॉन्ट्रियलने तर नाहीच. तो मागच्या दाराने घुसला, टँपासाठी कप जिंकला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि आता कॅनेडियन्सचा कोच आहे. त्याला कोणी 'आमचा' म्हणून घेतलं नव्हतं. आता सगळे म्हणतात.

आणि मी? मी वाडीतल्या एका उन्हाळ्याची गोष्ट कोणाला सांगत नाही, पण आता सांगतो. मे महिना, समोरच्या सोसायटीशी मॅच, अकरा जणांत मी अकरावा. म्हणजे कच्चा लिंबू नव्हे, पण त्याच्या शेजारचाच. आदल्या दिवशी आमच्या कॅप्टनचा मावसभाऊ नागपूरहून सुट्टीला आला. उन्हात काळा पडलेला, हडकुळा. नेटमध्ये त्याने आमच्या सगळ्यात फास्ट बोलरला तीन वेळा पाण्याच्या टाकीवर मारला. कॅप्टन माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला, "तू स्कोअर लिही. तुझं अक्षर चांगलंय." मी घरी जाऊन थयथयाट केला की पाहुणा कसा चालतो, तो काय आपल्या वाडीचा आहे का, वर्गणी मी दिलीय. आईने विचारलं, तो चांगला खेळतो का? मी म्हणालो, हो, पण तो आपला नाहीये. आई म्हणाली, स्कोअर नीट लिही. आम्ही जिंकलो, नागपूरकराने सत्तेचाळीस केले. ते सत्तेचाळीस मीच लिहिले, माझ्या चांगल्या अक्षरात. आजही ती मॅच आठवली की वाडी जिंकल्याचा आनंद आधी येतो आणि लगेच मागून ते दुसरं येतं.

चाचणीच्या दिवशीही मी बघितलं होतं. मेलमध्ये ते लिहिलं नाही, पण काचेमागून स्पष्ट दिसत होतं. डावीकडे वळताना माझी लेक एक पाऊल जास्त टाकते, आणि वळून झालं की पक कुठे आहे ते शोधायला मान खाली घालते. ८ नंबरची वळताना खाली बघतच नव्हती. तिचे पाय आपले आपण एकमेकांवरून जात होते आणि डोळे वर, कोण मोकळं आहे ते हेरत. बर्फ कापल्याचा तो आवाजही वेगळा होता, आमचीचा खर्र-खर्र, तिचा एकच लांब स्स्स. मी काही तज्ज्ञ नाही, पण गवई आणि शिकाऊ ह्यांतला फरक श्रोत्यालाही कळतो.

तरी मेल पाठवला. मस्यूंनी दुरुस्त केला होता तसाच, 'द शे नू' सकट. खरं तर त्या दोन-तीन शब्दांनीच मला पाठवायला लावला. मी तिला 'स्थानिक' म्हणून अर्ज भरल्यासारखं पुढे करत होतो, पत्ता, वीजबिल, जन्मदाखला जोडल्यासारखं. ती इथेच जन्मली, फ्रेंच शाळेत जाते कारण आमच्यासारख्यांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच जायचं असा १९७७ पासून कायदाच आहे, आणि रागावली की आमच्यावर क्वेबेकी हेल काढून ओरडते. ती पाळण्यात होती तेव्हापासून मस्यू तिला 'मा पुस' म्हणतात. अर्थ, माझी पिसू. बायको तेव्हा दोन दिवस फुगून बसली होती, "पिसू काय म्हणतो मेला." दहा वर्षं मी मस्यूंना सांगत होतो की तुमचं हे 'आमची पोरं' प्रकरण म्हणजे आमच्यासारख्यांना दाराबाहेर ठेवायची रीत आहे. आणि त्यांनी पेन्सिलीने, कुठलाही मुद्दा न मांडता, माझ्या पोरीला आत घेऊन टाकलं. मग नदीपलीकडची ती ८ नंबर, आडनावावरून सात पिढ्यांची क्वेबेकी असणार, ती आमच्या वाक्यात बाहेर राहिली. मला ते कळत होतं आणि बरंही वाटत होतं. लाज नंतर वाटली, आणि तीही नीटशी नाही.

उत्तर दोन दिवसांत आलं. तीन परीक्षकांनी स्वतंत्र गुण दिले, बेरीज केली, आपल्या मुलीचा क्रमांक निवडलेल्यांच्या खाली सहावा, निकाल अंतिम, मोसमासाठी शुभेच्छा. सहावा. म्हणजे ८ नंबर पुलापलीकडेच राहिली असती तरी आमची पाळी आली नसती, मध्ये पाच जणी आणखी होत्या. हे मी लेकीला सांगितलं नाही. तिला मेलबद्दलच सांगितलं नव्हतं. ती खालच्या संघात गेली, तिथे तिला दोन मैत्रिणी मिळाल्या आणि डावं वळण अजून तसंच आहे. जानेवारीत मुलींच्या व्यावसायिक लीगचा मॉन्ट्रियलमधला पहिला सामना इथेच, व्हर्डनच्या जुन्या ऑडिटोरियममध्ये झाला तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. मॉन्ट्रियलची कॅप्टन मरी-फिलिप पूलें बर्फावर आली आणि शेजारी मस्यू एवढ्यांदा ओरडले की लेकीने कानांवर हात ठेवले. पूलें बोसव्हिलची, इथून तीनेकशे किलोमीटरवरची. मी मस्यूंना काही म्हणालो नाही.

त्याआधी, उत्तर आलं त्याच संध्याकाळी, मस्यूंनी जिन्याखाली मला गाठलं होतं. हातात कचऱ्याची निळी पेटी.

"मग? काय म्हणाले?"

मी म्हणालो, नाही घेतलं. गुणांचं, सहाव्या क्रमांकाचं मी गिळून टाकलं.

मस्यूंनी पेटी खाली ठेवली आणि चर्चमधल्या दोन-तीन वस्तूंची नावं एकापाठोपाठ घेतली. इथे शिव्या अशाच देतात. मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, "साव्हारचं झालं तेच! बघ, नेमकं तेच!" आणि पेटी उचलून, स्वतःशीच १९८० म्हणत, रस्त्याकडे निघाले.